ठाणे खाडीतले फ्लेमिंगो: आधी भरती-ओहोटी बघा, मग जागा ठरवा

तिवरवाडी
थंडी पडली की 'फ्लेमिंगो बघायला कुठे जाऊ' हा प्रश्न सुरू होतो आणि उत्तरात नुसती नावं येतात: शिवडी, ऐरोली, भांडुप, सीवूड्स. नावं सगळी बरोबर आहेत. पण खाडीवर जागेइतकीच वेळ महत्त्वाची, आणि ती ठरते पाण्यावर. पहाटे उठून शिवडीला पोचलात आणि नेमकी पूर्ण ओहोटी असली, तर पक्षी इतके लांब असतात की गुलाबी रेघेपलीकडे काही दिसत नाही. पूर्ण भरती असली तर ती रेघही नाही.

पक्ष्यांचं गणित असं. फ्लेमिंगो चरतात ते उघड्या पडलेल्या चिखलावर आणि त्याला लागून असलेल्या उथळ पाण्यात. ओहोटी लागली की पाण्याची कड आत सरकते आणि पक्षीही तिच्यामागे खाडीच्या मधल्या धारेकडे जातात. पाणी चढायला लागलं की तीच कड किनाऱ्याकडे येते आणि थवे आपल्या दिशेने ढकलले जातात. चिखल बुडाला की त्यांना उभं राहायला जागा उरत नाही. मग ते उठतात आणि सीवूड्स-नेरूळच्या पाणथळ जागांवर किंवा भांडुपच्या तळ्यांवर जाऊन विसावतात. पाणी उतरलं की परत खाडीत.

म्हणून ढोबळ हिशोब हा ठेवायचा. शिवडीच्या किनाऱ्यावरून बघायचं तर भरतीच्या वेळेआधी तीन तास ते दीड तास, किंवा भरतीनंतर तेवढ्याच अंतराने. सीवूड्सच्या तळ्यांवर बघायचं तर भरतीच्या आधीचा आणि नंतरचा एक-दीड तास. ऐरोलीच्या बोटीला पाणी लागतंच, पण ऐन भरतीची फेरी टाळा. चिखलाच्या कडा थोड्या तरी दिसत असतील तेव्हाची घ्या.

आता हद्दीचं. राज्य सरकारने ऑगस्ट २०१५ मध्ये अधिसूचित केलेलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणजे ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या दरम्यानचा, खाडीच्या पश्चिम बाजूचा १६.९०५ चौ. किमी पट्टा. त्यात निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन (मॅनग्रोव्ह, खाऱ्या चिखलातलं जंगल) आणि बाकी पाणी. मालवणनंतर राज्यातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा दर्जा मिळाला, तो भोवतालच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रासकट सुमारे ६५ चौ. किमीला. शिवडी आणि सीवूड्सची तळी अभयारण्याच्या या हद्दीबाहेर आहेत. पक्ष्यांना हद्द ठाऊक नाही, पण आपल्याला असलेली बरी, कारण परवानगी आणि नियम जागेगणिक बदलतात.

सुकती
भरतीची वेळ काढायला मोबाइलवर सगळं मिळतं, तरी पंचांगाचा जुना हिशोब लक्षात ठेवा, बसमध्ये बसल्या बसल्या काढता येतो. तिथीचा आकडा घ्यायचा, शुक्ल असो की वद्य, त्याला तीनने गुणून चारने भागायचं. येतो तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दुसरी भरती सव्वाबारा-साडेबारा तासांनी, आणि मधे सहा-सव्वासहा तासांवर ओहोटी.

हा हिशोब उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत बऱ्यापैकी जुळतो, अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने. भांगात, म्हणजे सप्तमी ते दशमीच्या आसपासच्या कमी भरतीत, जास्त चुकतो. कारण भरती रोज सरासरी ५० मिनिटं पुढे जाते असं आपण धरतो, पण प्रत्यक्षात उधाणाला ती कमी सरकते आणि भांगाला तासाहून जास्त. बेत पक्का करताना छापील वेळापत्रकच बघा.

वेळापत्रकाबद्दल दोन गोष्टी. मुंबईचे आकडे साधारण अपोलो बंदराचे असतात. ऐरोली खाडीच्या बरीच वर, तिथे पाणी उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं. दुसरं, वेळेबरोबर उंचीचा आकडाही वाचा. साडेचार मीटरच्या वरची भरती असली की चिखल पूर्ण बुडतो आणि सीवूड्सला गर्दी होते. साडेतीन मीटरच्या आतबाहेर असेल तर खाडीतच कुठे ना कुठे चिखल उघडा राहतो, मग बरेच पक्षी तळ्यांवर येतच नाहीत. 'भरतीला गेलो तरी तळं रिकामं' अशी तक्रार येते ती बहुतेक भांगाच्या दिवसांतली असते.

नवखा_दहिसर
फार उपयोगी. ऐरोलीच्या बोटीचं जरा सविस्तर सांगाल का? बरोबर दोन मुलं (७ आणि ११ वर्षं) आणि सासूबाई आहेत.

मुलुंडची मावशी
ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं. ऐरोली-मुलुंड पुलाच्या नवी मुंबईकडच्या टोकाला, दिवा कोळीवाड्याच्या बाजूला. ट्रेनने आलात तर ठाणे-वाशी मार्गावर ऐरोली स्टेशन, तिथून रिक्षा. रिक्षावाल्याला 'फ्लेमिंगो सेंटर' म्हटलं की कळतं. मुलुंडहून पूल ओलांडून आलात तर आणखी सोपं. सोमवारी केंद्र बंद असतं.

बोटीच्या फेऱ्या साधारण नोव्हेंबर ते मे, आणि वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात. त्यामुळे 'सकाळची बोट किती वाजता' या प्रश्नाला एक उत्तर नाही. शनिवार-रविवारच्या जागा आधी भरतात, तेव्हा आगाऊ नोंदणी करूनच निघा. मंगळ ते शुक्र जमत असेल तर तेच करा, बोटीत कलकल कमी.

सासूबाईंसाठी: धक्क्यावरून बोटीत उतरताना पाण्याची पातळी खाली असेल तर पायरी मोठी पडते. पाणी चढतं असेल तेव्हाची फेरी घ्या, आणि साडीऐवजी पंजाबी ड्रेस बरा. चप्पल मागे पट्टा असलेली. लाइफ जॅकेट सगळ्यांना घालावंच लागतं, मुलांच्या मापाचं आधी मागून घ्या. बोटीवर स्वच्छतागृह नाही, केंद्रावर उरकून घ्या. खाडीचं पाणी संथ असतं, लाटांनी मळमळण्याचा प्रश्न सहसा येत नाही. त्रास होतो तो उन्हाचा, कारण वरून ऊन आणि खालून पाण्याचा परावर्तित उजेड. टोपीला हनुवटीखाली दोरी हवी, नाहीतर टोपी खाडीत. माणशी एक लिटर पाणी. वेफर्सची पाकिटं बोटीत नकोच, वाऱ्याने एक उडालं की ते तिवराच्या मुळांत जाऊन अडकतं आणि तिथून कोणी काढत नाही.

मुलांना बोटीआधी केंद्रातली मत्स्यालयं आणि कांदळवनातली पायवाट दाखवा. पक्षी लांब असले तरी निवट्या (चिखलावर उड्या मारणारे मासे) आणि खेकडे हाताच्या अंतरावर असतात.

शेकाट्या
मावशींच्या यादीत एक भर. कुठल्या बाजूला बसायचं हे बोट सुटायच्या आधी ठरवा. ऐरोलीहून बोट दक्षिणेला वाशीच्या दिशेने जाते. सकाळी सूर्य डाव्या हाताला, म्हणून उजव्या हाताचा पश्चिम किनारा छान उजळलेला असतो आणि अभयारण्याचा चिखलही त्याच बाजूला. जाताना उजवीकडे बसा. परतताना तोच किनारा डावीकडे येतो, तेव्हा शेजाऱ्याशी जागा बदलायचं आधीच ठरवून टाका. बोट चालू असताना सगळे एका बाजूला उठून गेले की नावाडी ओरडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

संध्याकाळच्या फेरीत हेच उलटं. पश्चिमेचे पक्षी काळ्या आकृती दिसतात, पूर्व किनाऱ्याचे सोनेरी.

किनाऱ्यावरून बघतानाही हा नियम लावा. शिवडी आणि भांडुप खाडीच्या पश्चिमेला, तिथून आपण पूर्वेकडे बघतो, म्हणजे सकाळचं ऊन थेट डोळ्यांत. शिवडी दुपारी तीननंतरची जागा आहे. पाम बीच रोडवरून टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळ जागेकडे बघताना तोंड पश्चिमेला, ती सकाळची जागा.

पाणलावा
दुर्बिणीबद्दल कोणी विचारायच्या आत लिहून टाकतो. ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची. १०×४२ किनाऱ्यावर थोडं जास्त दाखवते, पण बोटीवर इंजिनाची थरथर दहापट होऊन डोळ्यांत येते आणि पाच मिनिटांत डोकं धरतं. आठपटीत दृश्याचा घेर मोठा, उडता थवा धरायला सोपा. चष्मा असेल तर आय-रिलीफ (डोळा आणि दुर्बिणीची काच यांतलं अंतर) १५ मिमीपेक्षा जास्त बघून घ्या आणि रबरी कड खाली दुमडा, नाहीतर भोवती काळं वर्तुळ दिसत राहतं. तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप शिवडी-सीवूड्सला सोनं, बोटीवर निव्वळ ओझं.

फोटोसाठी ४०० मिमीच्या खालची लेन्स असेल तर हात चोळत बसावं लागेल. बोटीवर शटर १/१२५० किंवा त्याहून वेगवान, फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर, आणि कोपर बोटीच्या कठड्यावर टेकवू नका, थरथर तिथूनच चढते. फिकट पक्ष्यांच्या मागे काळा चिखल आला की कॅमेरा फसतो, चिखलाला उजळ करायला जातो आणि पक्ष्याची पिसं पांढरी फटक होतात, गुलाबी छटा जातेच. एक्स्पोजर पाव ते अर्धा स्टॉप खाली ठेवा. दहा-साडेदहानंतर चिखलावरची तापलेली हवा थरथरते, त्या वेळी लांबचा कुठलाही फोटो भुरकट येणार. लेन्सचा दोष नाही, दुकानात भांडायला जाऊ नका.

बोरीबंदर
शिवडीवर इतकं लिहिताय, पण अटल सेतू झाल्यावर शिवडीत उरलंय काय? पूल सुरूच तिथून होतो.

तिवरवाडी
पूल जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, २१.८ किमीचा, आणि शिवडीच्या दलदलीवरूनच जातो हे खरं. आवाज आणि दिवे अडवायला त्या भागात कठडे उभे केले आहेत. तरी मोठे थवे वर, ऐरोली-भांडुप-वाशी पट्ट्यात आणि नवी मुंबईच्या तळ्यांवर जास्त दिसतात हे मान्य. फक्त फ्लेमिंगोच बघायचे असतील तर शिवडी आता पहिली पसंती नाही.

पण शिवडी संपली असं म्हणणं घाईचं. चिखलावरचे छोटे पक्षी अजून तिथे चांगले दिसतात, आणि बोट नको, नोंदणी नको, हार्बरच्या शिवडी स्टेशनला पूर्वेला उतरून टॅक्सीने किंवा चालत बंदराच्या बाजूला. वाटेत अवजड ट्रकांची वर्दळ असते, लहान मुलांना चालवत नेऊ नका. वेळ उरला तर वरचा शिवडी किल्ला आहेच.

बोरीबंदर
ठीक. माझं म्हणणं इतकंच की फक्त शिवडीच्या भरवशावर पुण्याहून पाहुणे बोलावू नका.

सुकती
हे मात्र पटलं.

पाणलावा
लहान आणि मोठा रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) ओळखण्याबद्दल. खाडीत दोन्ही येतात, संख्येने लहान रोहित कितीतरी जास्त. उंचीवरून ओळखायला जाल तर एकटा पक्षी फसवतो, चोच बघा. लहान रोहिताची चोच गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोक तेवढं काळं. मिश्र थव्यात मोठा रोहित डोकं-मान वर काढून उभा असतो, त्याची उंची सव्वा ते दीड मीटरपर्यंत जाते, लहान साधारण ८० ते ९० सेंमी. रंगाने मोठा फिकट पांढुरका, लहान जास्त गुलाबी, पण उजेडावर फार अवलंबून.

चरण्याची रीतही वेगळी. लहान रोहिताच्या चोचीतली चाळणी बारीक, तो पाण्याच्या वरच्या थरातलं नीलहरित शेवाळ आणि डायटम गाळतो, मान डावी-उजवी फिरवत चालतो. मोठा चोच खोल खुपसतो, कोळंबीसारखे बारीक जीव, किडे, शिंपले काढतो आणि एका जागी गोल फिरत पायांनी चिखल ढवळतो. ओहोटीला चिखलावर वाटोळे खड्डे दिसले तर ते त्याचेच.

खाडीत इतके लहान रोहित का, याचं सांगितलं जाणारं कारण ऐकायला छान नाही. शहराच्या सांडपाण्यातून येणारं नत्र आणि स्फुरद शेवाळाला पोसतं, शेवाळ लहान रोहितांना. १९९० च्या दशकापासून ते इथे मोठ्या संख्येने दिसू लागले.

करड्या-तपकिरी रंगाचे, मळकट दिसणारे पक्षी आजारी नसतात, ती पिल्लं असतात. वीण इथे होत नाही, गुजरातेत कच्छच्या रणाकडे होते. गुलाबी रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइडमधून चढतो आणि पूर्ण यायला दोन-तीन वर्षं लागतात.

नवखा_दहिसर
जायचं कोणत्या महिन्यात? डिसेंबरात गेलं तर चालेल का?

मुलुंडची मावशी
चालेल, पण फ्लेमिंगोंसाठी जरा लवकर होईल. नोव्हेंबर-डिसेंबरपासून येऊ लागतात, जानेवारीअखेर ते एप्रिल ऐन हंगाम, आणि पाऊस तोंडावर आला की जातात. मुलांच्या परीक्षा आणि उन्हाळा दोन्ही सांभाळायचं तर फेब्रुवारी.

शेकाट्या
फ्लेमिंगोंच्या मागे धावताना बाकीच्यांकडे दुर्लक्ष नको. रामसर यादीतली ठाणे खाडीची माहिती २०० हून जास्त पक्षिजाती सांगते. सप्टेंबरपासूनच तुताऱ्या, चिखले, गॉडविट, कुरव आणि सुरय यायला लागतात. शेकाट्या तर वर्षभर. एप्रिलमध्ये निघायच्या बेतात असलेले काळ्या शेपटीचे गॉडविट विणीच्या पिसाऱ्यात विटकरी होतात, थंडीतल्या करड्या पक्ष्याशी त्यांची ओळख पटत नाही. बाकदार चोचीची छोटी तुतारीही तशीच लालसर होते.

भांडुप पंपिंग स्टेशनची वाट या पक्ष्यांसाठी चांगली. पूर्व द्रुतगती मार्गावरून आत, गेटवर नोंद करून, मूळ ओळखपत्र दाखवून. आत दोन्ही बाजूंना तळी आणि तिवर. गोड्या आणि खाऱ्या पाण्याचे पक्षी एकाच फेरीत: थापट्या, तलवार बदक, चमकदार शराटी, खंड्याचे दोन-तीन प्रकार, वर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी. तो खाली झेपावला की सगळं तळं एकदम उडतं, कॅमेरा तयार ठेवा. भल्या सकाळी कोल्हाही दिसतो. दिसला तर थांबा, खायला टाकू नका.

ओडोमॉस विसरलात तर भांडुपला एक तास काढणं कठीण.

सुकती
तिवरांबद्दल दोन ओळी, बोट मुळांजवळून जाताना उपयोगी. जमिनीतून पेन्सिलीसारखी उभी आलेली श्वासमुळं तिवराची. त्याचं पान उलटं करून चाटलंत तर खारट लागेल, पानातून मीठ बाहेर टाकतं ते. जाड, शंकूसारखी श्वासमुळं चिप्पीची. पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे. काठावरची काटेरी पानांची, निळसर फुलांची झुडपं मारांडी. गेवा ओळखता येत नसेल तर कुठल्याच झाडाची फांदी मोडू नका, त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळे सुजतात. तसंही अभयारण्यात फांदी मोडणं गुन्हाच.

चिखलात उतरण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. वरून कोरडा, भेगाळलेला दिसतो, आत पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि ओढून काढताना चप्पल तिथेच राहते. त्यात काचा आणि शिंपल्यांच्या धारा. भरती लागली असली तर मामला गमतीचा राहत नाही.

पाणलावा
बोट थव्याच्या किती जवळ न्यायची यावर दरवर्षी वाद होतो, म्हणून मीटर न सांगता पक्ष्यांची लक्षणं सांगतो. चरताना सगळ्यांच्या माना खाली असतात. कडेच्या दहा-वीस पक्ष्यांनी माना ताठ वर केल्या, ही पहिली खूण, इथेच इंजिन मंद करायचं. सगळा थवा एका दिशेने चालू लागला, ही दुसरी, आता थांबायचं. त्यानंतरही पुढे गेलात तर ते धावत सुटतात. फ्लेमिंगोला जागच्या जागी उडता येत नाही, पाण्यावर दहाएक पावलं पळून मगच उचलतो. त्या धावण्यात आणि उडण्यात खर्च होते ती ताकद त्याला पुढच्या ओहोटीत भरून काढावी लागते. बोट थव्यावर सरळ नेण्यापेक्षा तिरकी नेली, बाजूने सरकल्यासारखी, तर ते कितीतरी जास्त सोसतात. सरावलेले कोळी नावाडी हे आपणहून करतात. 'जरा उडवा ना, फोटो मिळेल' म्हणत त्यांच्या हातावर पैसे ठेवणारे आपल्यातलेच असतात.

ड्रोन अजिबात नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय उडवणं गुन्हा आहे, शिवाय वर विमानांची वाट. भरती रात्रीही येते आणि हे थवे अंधारातही जागा बदलतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरवर विमानाच्या धडकेत सुमारे ४० फ्लेमिंगो गेले, ते रात्रीच.

पायात कडी किंवा पाठीवर यंत्र असलेला पक्षी दिसला तर कडीचा रंग, डावा पाय की उजवा, अक्षरं वरून खाली की खालून वर, जागा आणि वेळ टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) कळवा. अर्धवट अक्षरं असली तरी कळवा, रंग आणि पाय यांवरूनही पक्षी सापडतो.

बोरीबंदर
सीवूड्सच्या तळ्यांची दोन ठिकाणं लोक एकच समजतात. हार्बरच्या सीवूड्स-दारावे स्टेशनवरून रिक्षा दोन्हीकडे जाते, पण टी. एस. चाणक्यची पाणथळ जागा वेगळी आणि नेरूळ जेट्टीच्या वाटेवरचं, डीपीएस शाळेजवळचं डीपीएस तळं वेगळं. रिक्षात बसतानाच नेमकं सांगा.

डीपीएस तळ्याचं पाणी निघण्याआधी चौकशी करून बघा. ते तळं जगतं भरतीच्या पाण्यावर. पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या की पाणी साचून राहतं, वर शेवाळाची जाड साय धरते आणि पक्षी उतरत नाहीत. २०२४ च्या उन्हाळ्यात हेच झालं होतं. त्याच आठवड्यात जाऊन आलेल्या कोणाचा फोटो बघितलात तर तळ्याची अवस्था लगेच कळते: पाण्यात आकाशाचं प्रतिबिंब दिसतंय की हिरवा गालिचा.

नवखा_दहिसर
पौर्णिमेचा रविवार आणि अष्टमीचा रविवार, दोन्ही मोकळे आहेत. कोणता घेऊ? दहिसरहून गाडीने येणार.

तिवरवाडी
पौर्णिमेचा. त्या दिवशी भरती बाराच्या सुमारास, उंचीही भरपूर. ऐरोलीला नऊ-साडेनऊची फेरी मिळाली तर पाणी चढतं, कडा उघड्या, ऊन पाठीशी. तिथून पाम बीच रोडने सीवूड्स, अकरा ते एक तळ्यावर, खाडीतून हाकललेले थवे तिथे येऊन बसलेले असतील. दुपारच्या उन्हात फोटो तितके चांगले नाहीत येणार, पण पक्षी जवळ. सासूबाईंना एवढंच पुरे, जेवून घरी. तुमच्यात दम असला तर अडीच-तीनला शिवडी, पाणी उतरायला लागलेलं आणि सूर्य मागे.

अष्टमीला भरती पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, मधे दुपारी बाराला ओहोटी. म्हणजे बरोबर फिरायच्या वेळेत चिखल. शिवाय भांगाचं पाणी. त्या रविवारी फार तर साडेतीन-चारला एकटे शिवडीला या.

मुलुंडची मावशी
आणि बोटीची वेळ हातात आली की ती पुन्हा एकदा आदल्या दिवशी फोन करून विचारा. वारा जास्त असला किंवा पाणी धक्क्याला पुरेसं नसलं तर फेरी पुढे-मागे होते. मुलं गाडीत असताना कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. दहिसरहून घोडबंदर रोडने येणार असाल तर रविवारी सकाळी सातच्या आत निघा. आठनंतर तिथली कोंडी तुमची भरती चुकवेल.

नवखा_दहिसर
पौर्णिमा नक्की केली. नऊ वीसची फेरी मिळाली, चार जागा. लहान मापाची दोन जॅकेटं सांगून ठेवली आहेत.